रमाबाईंना ऐकू कमी यायचं

पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला काय आठवतं? शाळेच्या पुस्तकातला धडा, आणि कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली जेमतेम विशीतल्या मुलीला दिलेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या. पण या विदुषीला ऐकू कमी यायचं, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

डॉक्टर व्हायचं म्हणून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा. आईवडील दुष्काळात गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. वय अवघं पंचवीस. आणि तिथे गेल्यावर कळलं की कान साथ देत नाहीत, वैद्यकीचं शिक्षण काही जमायचं नाही. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच हातून गेलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. इकडे टीकेचा भडिमार, तिकडे धर्मगुरूंशी वाद, कारण कुणी सांगितलं म्हणून मान डोलावणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या म्हणतात की सुरुवातीला श्रद्धा बुद्धीला पटली होती, मनाला विसावा मिळाला तो बऱ्याच वर्षांनी. इतक्या विद्वान बाईने हे छापून सांगावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

संत पौलाने करिंथकरांना लिहिलेलं दुसरं पत्र बायबलमध्ये आहे. त्याच्या बाराव्या अध्यायात तो आपल्या अंगातल्या काट्याविषयी सांगतो. तो काटा म्हणजे आजार की आणखी काही, हे त्याने लिहिलेलं नाही. काढून टाक म्हणून त्याने देवाला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. देवाची कृपा तुला पुरेल, तुझी ताकद संपते तिथेच माझी दिसते, अशा अर्थाचं आश्वासन तेवढं मिळालं.

मैत्रिणींनो, या शिकवणीचा आपल्याकडे एक सोयीचा अर्थ लावतात. बाईने सोसावं! नवऱ्याचा मार ‘माझा क्रूस’ म्हणून सोसणाऱ्या बायका मी कामाच्या निमित्ताने पाहिल्या आहेत. त्यांना मी पौलाचीच दुसरी गोष्ट सांगते. फटके मारायला बांधलं तेव्हा तो गप्प बसला नाही, मी रोमी नागरिक आहे, हे कायद्यात बसतं का, असं त्याने शताधिपतीला तिथल्या तिथे विचारलं. आपलं दुबळेपण देवापुढे उघडं करणं वेगळं आणि अन्यायापुढे वाकणं वेगळं.

दहिसरला आम्ही दहा-बारा जणी दर आठवड्याला प्रार्थनेला जमतो. त्यातल्या एका मावशींना ऐकू कमी यायला लागलं. आधी त्या सगळ्या हसल्या की हसायच्या, उगाच मान हलवायच्या, मग येणंच बंद झालं. मशीन लावायला तयार नाहीत, लोक काय म्हणतील! मी त्यांना रमाबाईंचं सांगितलं. “अगं, ती पंडिता, मी कुठे!” म्हणाल्या. पण पुढच्या खेपेला आल्या आणि दारातूनच सांगितलं, “डाव्या कानाने मला काही येत नाही. उजवीकडे बसा आणि मोठ्याने वाचा.” झालं! मोठ्याने वाचायची पाळी प्रत्येकीवर आली, तेव्हा रुळापलीकडून येणारी एक जण हळूच म्हणाली, “ताई, मला वाचताच येत नाही.” इतकी वर्षं पुस्तक उघडून ती नुसती ओठ हलवत होती. आता मावशी तिला दुपारी बाराखडी शिकवतात. एक ऐकत नाही, दुसरी वाचत नाही, त्यामुळे आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. शेजारचे कुरकुरतात, कुरकुरू देत.

रमाबाईंचंही काहीसं असंच झालं. स्वतः दुष्काळात वणवण केलेली ही बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि उपाशी, निराधार अशा सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आली. पुण्याजवळ केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे जवळजवळ दोन हजार जणी होत्या. अंध मुलीही होत्या, त्या ब्रेल शिकत. भूक कशी असते हे रमाबाईंना वेगळं सांगावं लागलं नव्हतं.

खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत बायबल आणायचं, म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छापखाना मुक्तीतच, खिळे जुळवणाऱ्याही तिथल्याच बायका. आणि काम शेवटाला येत असताना, जुलै १९२१ मध्ये, मनोरमा गेली. जिच्यावर सगळं सोपवायचं तीच! रमाबाईंची प्रकृती पार ढासळलेली, तरी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. त्यांचं बायबल छापून पुरं झालं १९२४ मध्ये.

ते आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही. पाऊस सरला की केडगावला जायचं ठरतंय. मावशींनी खिडकीची जागा आधीच मागून ठेवली आहे, डावा कान खिडकीकडे येईल अशी.