वाढता कणा आणि त्याची वक्रता

मूल जन्मास येते तेव्हा त्याचा कणा पूर्णपणे हाडाचा बनलेला नसतो. प्रत्येक मणक्यात बहुधा हाडाचे तीन तुकडे असतात आणि ते कूर्चेने परस्परांशी जोडलेले असतात. नाकाच्या शेंड्याला लवचीकपणा देणारा पदार्थ तो कूर्चाच होय. मणक्याच्या पुढील जाड, दंडगोलाकार भागाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावर कूर्चेचा एक पातळ थर असतो. या थरातील पेशी विभागतात, फुगतात आणि अखेरीस त्यांची जागा हाड घेते. अशा रीतीने मणका उंचीने वाढतो.

ही वाढ दाबाला संवेदनशील असते. कार्ल ह्यूटर आणि रिखार्ड फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकांनी 1862 मध्ये असे प्रतिपादन केले की, वाढत्या हाडाच्या टोकावरील दाब वाढला तर वाढ मंदावते आणि दाब कमी झाला तर तिला वेग येतो. कणा एका बाजूस वाकला की वक्राच्या आतील बाजूवर अधिक भार पडतो. तेथील कूर्चा सावकाश वाढते, बाहेरील बाजू पुढे जाते आणि मणका पाचरीसारखा होतो. पाचरीच्या आकाराचे मणके एकावर एक आल्याने वक्रता वाढते. वक्रता वाढल्याने भार आणखी विषम होतो. हे दुष्टचक्र वयात येतानाच्या झपाट्याच्या वाढीत सर्वाधिक वेगाने फिरते.

मात्र या नियमाने वक्रता का वाढते हे कळते, ती मुळात का सुरू होते हे कळत नाही. किशोरवयातील बहुसंख्य वक्रतांचे कारण अद्याप अज्ञात आहे. आनुवंशिकतेचा त्यात काही वाटा असतो. दप्तराचे ओझे किंवा बसण्याची सवय यांमुळे ती जडते असे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे मुलाला किंवा आईवडिलांना दोष देणे अन्यायाचे ठरते.

दोष देण्यापेक्षा वेळीच पाहणे महत्त्वाचे. मूल गुडघे ताठ ठेवून पुढे वाकले असता पाठीची एक बाजू उंच दिसली तर तपासणी करून घ्यावी. क्ष-किरण चित्रात मोजलेला कोन 10 अंश किंवा अधिक असून मणके फिरलेले असल्यास तिला पार्श्ववक्रता म्हणतात. सौम्य वक्रता मुलामुलींत जवळपास सारख्याच आढळतात. तीव्र वक्रता मात्र मुलींत कितीतरी अधिक असतात.

वाढ शिल्लक असेपर्यंत मध्यम वक्रतेवर आधारपट्टा उपयोगी पडतो. अमेरिका आणि कॅनडा येथील एका अभ्यासाचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पट्टा वापरणाऱ्यांपैकी 72 टक्के मुलांची वक्रता वाढ पूर्ण होईपर्यंत 50 अंशांच्या आत राहिली. केवळ देखरेखीखाली ठेवलेल्यांत हे प्रमाण 48 टक्के होते. पट्टा दिवसातून जितके अधिक तास वापरला, तितका लाभ अधिक दिसला. कूर्चेचे हाड होऊन वाढ थांबली की पट्ट्याने वळण देण्याजोगे काही उरत नाही. तीव्र वक्रतेसाठी मग शस्त्रक्रियेचाच विचार करावा लागतो. म्हणून या विकारात रोगाच्या तीव्रतेइतकेच मुलाच्या वाढीचे किती दिवस उरले आहेत, यालाही महत्त्व असते.