कोअर आठ, काटा एक

‘आठ कोअरचा लॅपटॉप घेतला, आता प्रोग्रॅम आठपट पळणार’ ही समजूत अमरावती-अकोल्यातच काय, कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात भेटते. तसं होत नाही. नेहमीच्या पद्धतीनं लिहिलेलं सीमधलं लूप एका वेळी एकाच कोअरवर चालतं, बाकीचे सात त्याच्या उपयोगाचे नाहीत. कुठलं काम कशावर अवलंबून आहे हे ओळखून वाटणी करायची ती प्रोग्रॅमरनंच.

आणि वाटणी करूनही आठपट मिळेलच असं नाही. कापूस वेचायला आठ जणी लावल्या तर वेचणी लवकर आटोपते, पण मोजायचा काटा एकच असेल तर तिथं रांग लागते. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला हिशेब हाच: कामाचा १० टक्के भाग वाटता येत नसेल, तर आठ कोअरवर वेग फार तर ४.७ पट होतो. कोअर हजार केले तरी त्या कामाचा वेग दहापटीच्या आतच राहतो.

‘अशी वाटणी हे महासंगणकवाल्यांचं काम’ असंही म्हणतात. परम महासंगणकाचे शिल्पकार विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, तेव्हा वऱ्हाडानं तरी असं म्हणू नये! पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० उभा केला तो ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर एकमेकांना जोडून. तिथं प्रत्येकाची मेमरी वेगळी, देवाणघेवाण निरोपांनी. लॅपटॉपच्या कोअरना मेमरी सामायिक असते. काम सोपं होतं, पण खरी फसगतही इथंच होते.

एका प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन शाखांनी, म्हणजे थ्रेडनी, एकच आकडा दहा-दहा लाख वेळा एकानं वाढवला, तर उत्तर वीस लाख यायला हवं. येतं बहुधा कमी, आणि दर वेळी वेगळं. वाढवणं म्हणजे वाचणं, मिळवणं, परत लिहिणं. दोघांनी एकच जुना आकडा वाचला की एकाची भर वाया जाते. म्हणून ‘एकदा चालला म्हणजे बरोबर’ हा निकष इथं टिकत नाही. दर वेळी कुलूप लावलं तर उत्तर बरोबर येतं, पण प्रोग्रॅम एका थ्रेडपेक्षाही रेंगाळू शकतो. प्रत्येक थ्रेडनं आपली बेरीज वेगळी ठेवावी आणि शेवटी एकत्र करावी. थ्रेडमध्ये काम वाटण्यासाठीच्या ओपनएमपीत यासाठी ‘रिडक्शन’ आहे. फुकटचा जीसीसी कंपायलर आणि दोन कोअरचा जुना पीसी सरावाला पुरतो.

पायथनवाल्यांनी मात्र जपून. नेहमीच्या पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवतो, त्यामुळे शुद्ध पायथनमधल्या आकडेमोडीसाठी थ्रेडऐवजी वेगळ्या प्रोसेस काढाव्या लागतात.