नौसेनाप्रमुख सोमण व पाणबुडीदलाचा आरंभ

भारतीय पाणबुडीदलाचा जन्मदिन ८ डिसेंबर १९६७ हा मानितात. त्या दिवशीं सोव्हिएत संघांतील रीगा येथें ‘कलवरी’ ही पहिली पाणबुडी नौदलांत दाखल झाली. तिचे नायक कमांडर सुब्रह्मण्यम् होत. ही तिथि आम्हांस मान्यच आहे. परंतु फळ हातीं आलें त्या दिवसावरून बीज कधीं पेरलें, हें कळत नाहीं.

व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण हे १९६२ पासून १९६६ पर्यंत नौसेनाप्रमुख होते. १९६४ सालीं पाकिस्तानास अमेरिकेकडून ‘गाझी’ मिळाली. १९६५ च्या युद्धांत आपणांपाशीं मात्र एकही पाणबुडी नव्हती. पाण्याखालील शत्रु हुडकण्याचा सराव करावयाचा, तरी स्वतःची पाणबुडी हवी. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांचें ब्रिटनशीं झालेलें बोलणें निष्फळ ठरलें, आणि सप्टेंबर १९६५ मध्यें सोव्हिएत संघाशीं चार पाणबुड्यांचा करार झाला.

सोमण मार्च १९६६ मध्यें निवृत्त झाले. ‘कलवरी’ त्यानंतर आली. नैयायिक कार्यापूर्वीं कारण शोधितात. इतिहासकारानेंही तेंच करावें. सबब या दलाचा वृत्तांत १९६७ पासून नव्हे, तर सोमणांच्या कारकीर्दीपासून लिहिला जावा, असें आमचें मत आहे.