प्रकाशाची सर्वांत छोटी चमक

अंधारात वेगाने फिरणाऱ्या सायकलच्या चाकाचा फोटो काढायचा आहे. कॅमेऱ्याचा फ्लॅश रेंगाळला, तर चाकाचे आरे पुसट दिसतील. तो क्षणभरच चमकला, तर एकेक आरा स्पष्ट दिसेल. अणूतील इलेक्ट्रॉन मात्र चाकाहून कितीतरी चपळ असतात. त्यांच्या हालचाली ॲटोसेकंदांत मोजतात. एका सेकंदाचे एक अब्ज भाग करा. त्यांतील एका भागाचे पुन्हा एक अब्ज भाग करा. त्यांतला एक भाग म्हणजे एक ॲटोसेकंद!

इतकी छोटी चमक कशी मिळवायची? तांबड्या प्रकाशाची एक लाट पूर्ण व्हायलाच दोन हजारांहून अधिक ॲटोसेकंद लागतात. म्हणून फार कमी तरंगलांबीचा प्रकाश हवा.

१९८७ साली फ्रान्समध्ये ॲन लुइलिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्गॉन वायूवर अतिशय प्रखर अवरक्त लेसर किरण सोडले. तेव्हा वायूतून नवाच प्रकाश बाहेर पडला. त्यातील काही प्रकाशाची तरंगलांबी मूळ तरंगलांबीच्या तेहेतिसाव्या हिश्श्याएवढी होती!

हे कसे घडले? अणूचे केंद्रक इलेक्ट्रॉनला धरून ठेवते. लेसरची प्रखर लाट ही पकड सैल करते आणि इलेक्ट्रॉन अणूबाहेर निसटतो. यालाच आयनीभवन म्हणतात. लाट त्याला दूर ओढून नेते. पण लगेच लाटेची दिशा उलटते आणि काही इलेक्ट्रॉन वेगाने परत येऊन आपल्याच अणूवर आदळतात. समुद्राची लाट ओंडका ओढून नेते आणि पुन्हा किनाऱ्यावर आपटते, तसेच हे. परतलेला इलेक्ट्रॉन मिळवलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. ऊर्जा जास्त, म्हणून तरंगलांबी कमी.

२००१ साली पिएर आगोस्तिनी यांनी अशा प्रकाशातून २५० ॲटोसेकंदांच्या चमकांची माळ मिळवली. त्याच वर्षी फेरेंक क्राउस यांनी ६५० ॲटोसेकंदांची एकच, सुटी चमक मिळवली. आता इलेक्ट्रॉनच्या हालचाली टिपता येऊ लागल्या.

२०२३ साली या तिघांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फोन आला, त्या दिवशी लुइलिए बाई स्वीडनमधील लुंड विद्यापीठात शिकवत होत्या. बातमी ऐकून त्या पुन्हा वर्गात गेल्या आणि उरलेला तास त्यांनी पूर्ण केला!

स्वाध्याय
१. ॲटोसेकंद म्हणजे काय?
२. आयनीभवन कशाला म्हणतात?
३. परतलेला इलेक्ट्रॉन प्रकाश का बाहेर टाकतो?