कोणीच फितूर नाही!

महाराष्ट्राच्या विधानभवनात १० जानेवारी २०२४ रोजी जो निकाल वाचून दाखविण्यात आला, त्याचे स्मरण वाचकांस असेलच. जून २०२२ मध्ये शिवसेनेच्या आमदारांचा एक मोठा गट सुरत, गुवाहाटी, गोवा अशी यात्रा करून सत्तेवर येऊन बसला. उभय गटांनी एकमेकांविरुद्ध अपात्रतेचे अर्ज गुदरले. अध्यक्षांनी दीड वर्षानंतर शिंदे गट हाच खरा पक्ष ठरविला. अपात्र मात्र कोणासच केले नाही. पुढल्याच महिन्यात राष्ट्रवादी काँग्रेसच्या प्रकरणीही तेच घडले. दोन पक्ष फुटले, एक सरकार कोसळले, आणि कायद्याच्या वहीत फितूर एकही नाही!

१९६७ साली हरियाणातील आमदार गयालाल यांनी पंधरवड्यात तीन वेळा पक्ष बदलला आणि देशाला एक नवा शब्द मिळाला. त्या लाजेपोटी, तीही अठरा वर्षे उशिरा, १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा झाला. परंतु तो करणाऱ्यांनी आपल्यासाठी वाटा राखून ठेवल्या होत्या. एकट्याने उडी मारली तर पातक, एकतृतीयांशांनी मारली तर 'फूट'! ही वाट २००३ मध्ये बुजविण्यात आली. दोनतृतीयांशांच्या 'विलीनीकरणा'ची अद्याप खुली आहे. त्याहून घातक गोष्ट ही की, न्यायनिवाडा सभागृहाच्या अध्यक्षाकडे सोपविला गेला. ज्या बहुमताने अध्यक्षास खुर्ची दिली, ते बहुमत टिकेल की नाही हे त्याच्याच निकालावर ठरावयाचे! आम्ही काही वर्षे मास्तरकी केली आहे. मुलाची उत्तरपत्रिका त्याच्या मामाने तपासावी, असे कोणी सुचविले असते, तर हेडमास्तरांनी त्यास दार दाखविले असते.

आज आक्रोश करणारे तरी कोठे धुतल्या तांदळासारखे आहेत? २०१९ ची निवडणूक भाजपाबरोबर लढवून शिवसेनेने सरकार स्थापिले ते काँग्रेसच्या साह्याने. श्री. शरद पवार १९७८ मध्ये वसंतदादांचे सरकार पाडून मुख्यमंत्री झाले; १९९९ मध्ये श्रीमती सोनिया गांधींच्या विदेशी जन्माचा मुद्दा करून त्यांनी नवा पक्ष काढला, आणि त्याच वर्षी तो पक्ष काँग्रेसबरोबर राज्यात सत्तेवर आला. भाजपाची तऱ्हाही निराळी नाही. २७ जून २०२३ रोजी पंतप्रधानांनी भोपाळ येथे राष्ट्रवादीवर सुमारे ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला. २ जुलै रोजी त्याच पक्षाचे श्री. अजित पवार भाजपाचा सहभाग असलेल्या सरकारात उपमुख्यमंत्री झाले. पाच दिवसांत काय शुद्ध झाले, हे मतदारास कोणी सांगितले काय? माणसाचे मत बदलू शकते, हे आम्हांस मान्य आहे. पण मग राजीनामा देऊन पुन्हा कौल मागण्यास हरकत कसली?

अध्यक्षांकडून हा अधिकार काढून घ्यावा, अशी शिफारस दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच केली होती. सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार करण्यास संसदेस सुचविले. १९९० पासून दिल्लीत जनता दल, काँग्रेस, भाजप, सर्वांची सरकारे झाली. विरोधी बाकांवरून गळा काढणाऱ्यांनी सत्तेच्या बाकांवर बसून या दुरुस्तीचा कायदा मात्र केला नाही.