तालमीची छायाचित्रे

कुस्ती ही हातोहात देण्याची विद्या आहे. वस्तादाने शागिर्दाच्या मानेवर हात ठेवून जे शिकवले, ते फारसे पोथीत उतरलेले नाही. म्हणूनच तालीम ओस पडली की तिच्याबरोबर नेमके काय गेले, हे सांगणे अवघड होते. येथे छायाचित्र उपयोगी पडेल. मात्र त्याने काय टिपावे, याचा विचार केला पाहिजे.

प्रथम ही ओहोटी का लागली ते पाहू. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला आणि खासबागेचे मैदान उभारले. ते १९१२ साली पुरे झाले. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, राजाश्रय सरला. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले, ते गादीवर. ऑलिंपिकची कुस्ती ठरल्या वेळाची व गुणांची. मातीवरची जुनी कुस्ती निकाली, म्हणजे पाठ टेकेपर्यंतची. पदक गादीवर मिळते, तेव्हा तरुण तिकडे वळला यात त्याचा दोष नाही.

नवी मुंबईच्या श्रोत्यांना हा विषय परका नाही. वाशीच्या घाऊक बाजारात ओझी वाहणारे कितीतरी माथाडी सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे. जत्रेतला कुस्तीचा फड त्यांच्या ओळखीचा आहे.

आता छायाचित्राकडे वळू. जुन्या तालमीत उजेड बेताचा असतो. तेथे फ्लॅश उडवला तर घामाचे अंग नुसते चकाकते, मातीचा रंग फिका पडतो आणि डावात गुंतलेल्या पैलवानाचे डोळे दिपतात. दारातून येणारा सकाळचा उजेडच बरा. पुन्हा, धोबीपछाड घ्या. प्रतिस्पर्ध्याचा हात खांद्यावर ओढायचा, गर्रकन वळून कंबर त्याच्याखाली घालायची आणि वाकून त्याला पाठीवरून समोर आपटायचे. सेकंदाच्या पाचशेव्या भागात घेतलेल्या चित्रात हवेतला माणूस स्पष्ट दिसेल, पण डाव दिसणार नाही. तो पाहायचा तर पकड, वळण आणि पछाड यांची चित्रे ओळीने हवीत.

एवढ्यानेही काम पुरे होत नाही. हौद्यातली माती खोऱ्याने उकरून तिच्यात ताक, तेल, हळद मिसळणे, पहाटेचे जोर-बैठका, खुराकाचे बदाम वाटणे, धाकट्याने थोरल्याचे अंग रगडणे, हीही तालीमच होय. शड्डू ठोकणारा पैलवान सर्वांनाच टिपावासा वाटतो. माती उकरणाऱ्याकडे कॅमेरा क्वचित वळतो.

शेवटची गोष्ट सर्वांत सोपी, आणि तीच बहुधा राहून जाते. चित्राखाली पैलवानाला विचारून त्याचे नाव, गाव, वस्ताद, डाव आणि तारीख लिहावी. नाव नसलेले चित्र पन्नास वर्षांनी केवळ पिळदार देहाचे चित्र उरते. नाव असले, तर त्याचा नातू त्यावर बोट ठेवून विचारू शकेल की हा डाव कसा मारतात. आणि त्या वेळी उत्तर देणारा एखादा वस्ताद गावात असला, म्हणजे त्या चित्राचे सार्थक झाले.