साप चावला तर भगत की दवाखाना?

पावसाळा सुरू झाला की खेड्यापाड्यांतून सर्पदंशाच्या बातम्या येऊ लागतात. शेतात, गोठ्यात, चुलीजवळच्या सरपणात, कधी अंथरुणातदेखील साप निघतो. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख माणसे सापाच्या विषाने दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार! ही माणसे कोण? बंगल्यात राहणारी नव्हेत. अनवाणी पायांनी शेतात राबणारी, जमिनीवर झोपणारी, कुडाच्या घरातली आपलीच माणसे.

आणि साप चावल्यावर पहिली धाव कोठे? तर भगताकडे. तो कडुनिंबाचा पाला चावायला देतो, कडू लागला नाही तर विष चढले म्हणतो. कोणी जखमेला कोंबडीचे पिल्लू लावतो, कोणी मंत्र पुटपुटत विष ‘उतरवतो’. आणि पुष्कळदा माणूस खरोखरच बरा होतो! आम्ही वस्तीत सभा घेतो तेव्हा कोणी तरी म्हातारबाबा हमखास उठून विचारतात, “आमच्या डोळ्यांदेखत माणूस उठून बसला, ते काय खोटं?”

खोटे नाही, बाबा. पण हिशेब अर्धाच मांडला आहे. आम्ही दिवसभर जमाखर्चाच्या वह्या पाहणारी माणसे, म्हणून त्याच भाषेत सांगतो. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य विषारी साप, आणि तेही चावताना दर वेळी विष सोडतातच असे नाही. म्हणजे चावलेल्यांपैकी कितीतरी जण काहीच केले नाही तरी वाचणार असतात. ते सारे भगताच्या जमेच्या बाजूला चढतात. आणि जो मेला, त्याची वेळच भरली होती, किंवा घरच्यांनी पथ्य मोडले! त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. अशी वही कोणत्या ऑडिटरसमोर टिकेल?

भातलावणीच्या दिवसांतली एक गोष्ट आमच्या माहितीतली आहे. आठवी-नववीतली मुलगी, जमिनीवर झोपलेली. पहाटे पोटात दुखू लागले. अंगावर कोठे खूण दिसेना, सूज नाही, म्हणून बाहेरची बाधा समजून भगताला बोलावले. अंगारा लावला. थोड्या वेळाने तिच्या पापण्या मिटू लागल्या, तेव्हा ‘गुण आला, झोप लागतेय’ असे सर्वांना वाटले. ती झोप नव्हती. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. तिचे विष स्नायू लुळे पाडते. आधी पापण्या, मग गिळणे, मग श्वास. जीप मिळेपर्यंत उजाडले, आणि पोर रस्त्यातच गेली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा आई एकच विचारीत होती, “साप दिसलाच नाही, तर आम्हांला कळायचं कसं?” त्या माउलीला काय उत्तर द्यावे? रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी, उलटी होऊन पापण्या जड झाल्या, तर मण्यारीचा संशय घ्यावा, हे तिला आधी कोणी सांगितलेच नव्हते.

विंचवाची गोष्टही अशीच. कोकणातल्या लाल विंचवाने पूर्वी माणसे पटापट मरत. १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. रोग्याजवळ रात्र रात्र बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम, दम यांच्या नोंदी ठेवल्या. त्यातून प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध यावर चालते हे त्यांना आढळले, आणि मृत्यूचे प्रमाण कितीतरी खाली आले. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने त्यांचे काम छापले. मेलेल्यांचीही नोंद ठेवली, म्हणून पुढचे वाचले.

मग आपल्या मातीतले सगळेच औषध टाकाऊ काय? मुळीच नाही. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन निष्कर्ष १९४९ साली प्रसिद्ध केले आणि जगभर तिचा उपयोग होऊ लागला. सापाच्या विषावर मात्र असा पाला अजून सिद्ध झालेला नाही. त्यावर प्रतिविषच हवे. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा टोचून त्याच्या रक्तापासून ते करतात, आणि वरील चारही सापांवर एकच औषध चालते.

तरीही लोक भगताकडे जातात, याचा सारा दोष आम्ही लोकांना देणार नाही. भगत हाकेच्या अंतरावर असतो, रात्री दोन वाजता उठतो, केसपेपर मागत नाही, अंगावर ओरडत नाही. दवाखान्यात कधी डॉक्टर नाही, तर कधी औषध नाही. मात्र दंश झालेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. या कायद्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली.

माता-भगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये. त्याने हातपाय सडण्याची भीती. अंगठ्या, जोडवी, बांगड्या काढाव्यात, दंशाचा भाग हलू देऊ नये, रोग्याला चालवू नये. साप मारण्यात वेळ दवडू नये. १०८ ला फोन करावा. गाडीला उशीर होत असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. झोपताना खाट आणि मच्छरदाणी वापरावी, मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात.

आणि तरुण मंडळांनी पाऊस पडण्याआधीच आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिविषाच्या किती कुप्या शिल्लक आहेत ते विचारावे. साठ्याची नोंदवही असते, त्यात मुदतीची तारीखही पाहावी. पहिल्याच खेपेला एका रोग्याला साधारण दहा कुप्या लागतात. तीन-चारच निघाल्या तर ग्रामसभेत लेखी अर्ज द्यावा, दुसरी प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी, आणि दोन्हींची पोच घ्यावी.